जातिवंत कोंबडी राखताना

इंग्लंडमध्ये १८३५ साली कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्यानं बंदी आली आणि दहाच वर्षांनी, १८४५ मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. झुंजीत निकाल कोंबडे स्वतःच लावत. प्रदर्शनात तो माणसानं लावायचा होता, आणि माणसाचा निकाल म्हटला की वाद आलाच. दोन पिंजऱ्यांत दोन देखणे कोंबडे उभे आहेत; एकाची छाती भरदार आहे, दुसऱ्याचा तुरा नेटका आहे. बक्षीस कोणाला द्यायचं? हे भांडण मिटवायचं तर अमुक जातीचा चांगला कोंबडा म्हणजे कसा, हे आधी कागदावर उतरवणं भागच होतं. तो कागद, त्याच्याबरहुकूम पिढ्यान्‌पिढ्या पक्षी घडवणारी माणसं आणि त्या खटाटोपात टिकून राहिलेल्या जुन्या जाती, हा या पुस्तकाचा विषय आहे.

तो काळ मोठा गमतीचा होता. चीनची बंदरं परदेशी व्यापाराला खुली झाली आणि शांघायकडच्या थोराड, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या जहाजांतून इंग्लंड-अमेरिकेला पोचल्या. राणी व्हिक्टोरियानं आशियाई कोंबड्या पाळल्या म्हटल्यावर उमरावांनी पाळल्या आणि उमरावांनी पाळल्या म्हणून दुकानदारांनी. १८४९ मध्ये बॉस्टनला अमेरिकेतलं पहिलं प्रदर्शन भरलं आणि तिकडेही लोकांना कोंबड्यांचं वेड लागलं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या धूर्त माणसानं १८५२ मध्ये करड्या रंगाच्या दांडग्या कोंबड्या राणीला नजर केल्या, त्याचा मनसोक्त गाजावाजा केला, पैसा केला आणि १८५५ मध्ये याच वेडाची टिंगल करणारं पुस्तक लिहून पुन्हा पैसा केला. त्या करड्या कोंबड्या म्हणजेच आजची ब्रह्मा जात. नाव ब्रह्मपुत्रेवरून आलेलं, घडण अमेरिकेतली, रक्त मुख्यतः शांघायचं आणि बहुधा थोडं चितगावच्या बाजूचंही. आपल्याकडे पक्ष्यांच्या बाजारात ‘फॅन्सी’ म्हणून जी झुलपायी ब्रह्मा विकली जाते, ती हीच.

वेड ओसरलं, शिस्त मागे राहिली. १८६५ मध्ये विल्यम टेगेटमायर यांच्या संपादनाखाली इंग्लंडमध्ये प्रदर्शनी कोंबड्यांचं पहिलं प्रमाणपुस्तक निघालं. हे टेगेटमायर म्हणजे कबुतरं आणि कोंबड्यांबद्दल चार्ल्स डार्विनना वर्षानुवर्षं माहिती पुरवणारे जाणकार. १८७३ मध्ये बफेलो इथं अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं स्वतःचं प्रमाणपुस्तक आलं. सुधारून वाढवलेल्या आवृत्तींत ते आजही चालू आहे. प्रत्येक जातीची ठेवण, वजन, तुऱ्याचा प्रकार आणि त्यावरचे दाते, डोळ्याचा रंग, कानाच्या पाळीचा रंग, पायाच्या नळीचा रंग, पिसापिसावरची नक्षी असा सगळा तपशील त्यात असतो. एकूण गुण १००. कुठल्या अवयवाला किती, ते ठरलेलं. काही दोषांना गुण कापले जातात, काही दोष दिसले की पक्षी थेट बाद होतो. उदाहरणार्थ, प्लिमथ रॉक जातीचा पूर्ण वाढलेला कोंबडा साडेनऊ पौंडांचा आणि कोंबडी साडेसात पौंडांची असावी, तुरा एकेरी आणि पाच दात्यांचा असावा, पाय पिवळे असावेत. तुऱ्याच्या कडेला एखादा जादा कोंब फुटलेला असेल किंवा स्वच्छ नळीवर बारीकसं पिसाचं खुंट सापडलं, तर बाकी पक्षी कितीही देखणा असो, त्या दिवशी तो घरी.

त्या पिवळ्या पायांची कुळकथा मात्र आपल्या दारात येऊन थांबते. सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या असा निष्कर्ष डार्विननं काढला होता आणि ढोबळमानानं तो खराही आहे. पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आलं, की पाळीव कोंबडीतलं पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः द्वीपकल्पात आढळतो. पहाटे सह्याद्रीच्या कुठल्याही दाट रानात त्याची बांग ऐकू येते. अमेरिकेतला परीक्षक प्लिमथ रॉकच्या फिकट पायांचे गुण कापतो, तेव्हा तो नकळत आपल्याकडच्या रानाचा वारसा तपासत असतो.

परीक्षक हे काम कसं करतो, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तो पिंजऱ्यापासून थोडा लांब उभा राहतो आणि पक्षी आपल्या मर्जीनं उभा आहे तोवर त्याची ठेवण डोळ्यांत साठवतो: पाठीचा उतार, शेपटीचा कोन, दोन पायांमधलं अंतर. मग दार उघडून पक्षी डोक्याकडून बाहेर काढतो. छातीचं हाड तळहातावर, पाय बोटांच्या मध्ये, त्यामुळे पक्षी फडफडत नाही. हाताला हाड सरळ लागतं की वाकडं, मांस किती, वजन किती, हे क्षणात कळतं. पंख पंख्यासारखा उघडून पिसांची रांग सलग आहे का, मध्ये फट नाही ना, ते तो बघतो. पिसं फुंकरून मुळाशी रंग कोणता आहे ते बघतो. शेवटी तुरा, डोळे, नख. हे सगळं एखाद्या मिनिटात उरकतं. त्या मिनिटासाठी पाळणाऱ्यानं कोमट पाण्याच्या तीन घमेल्यांतून पक्ष्याला आंघोळ घातलेली असते, नळीवरचे खवले ब्रशनं घासलेले असतात, तुऱ्याला व्हॅसलीनचं बोट लावलेलं असतं. पण कसलेल्या परीक्षकाला सजावट आणि घडण यांतला फरक कळतो. घडण आंघोळीनं येत नाही.

आता प्रश्न असा, की ही सगळी उठाठेव कशासाठी? उत्तरासाठी कोंबडीच्या बाजाराचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो, आणि तोही आपल्याकडूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जनरल सर वॉल्टर गिल्बर्ट यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात भारतातल्या असील कोंबड्यांचा तिकडच्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर केला. हेतू असा, की अजिंक्य झुंजार कोंबडा निपजावा. तो काही निपजला नाही. निपजला तो आखूड पायांचा, रुंद छातीचा, कमालीच्या मांसल अंगाचा पक्षी. इंग्लंडमध्ये त्याला ‘इंडियन गेम’ म्हणत, अमेरिकेत तो ‘कॉर्निश’ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ शोधण्याची देशव्यापी स्पर्धा झाली. १८४५ च्या प्रदर्शनाला शंभर वर्षं उलटली होती आणि आता न्याय पिसांवर नव्हे, छातीवरच्या मांसावर होणार होता. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश रक्ताचा संकर पहिला आला. आज आपण ज्याला ‘बॉयलर’ म्हणतो, तो साधारण पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होणारा पांढरा पक्षी याच वाटेनं आला: बापाकडून कॉर्निश, आईकडून पांढरी प्लिमथ रॉक. गल्लीतल्या चिकन सेंटरमध्ये टांगलेल्या कोंबडीच्या छातीत आपल्या असीलचा वाटा आहे, तो असा.

बॉयलर आला आणि जुन्या जातींचा धंदा बसला. अंडी लेगहॉर्नच्या संकरांकडे गेली, मांस बॉयलरकडे. अंडीही देणारी, मांसही देणारी, स्वतः चरून खाणारी, स्वतः पिल्लं काढणारी अशी जी शेतकऱ्याची कोंबडी होती, तिला गिऱ्हाईक उरलं नाही. कित्येक जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कळपांवर आल्या. त्या नामशेष झाल्या नाहीत याचं श्रेय फार करून हौशी प्रदर्शनवाल्यांना आहे. ज्या माणसाला बाजारभावाशी देणंघेणं नव्हतं, फक्त पुढच्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनात आपला कोंबडा पहिला यावा एवढीच आस होती, त्यानं त्या जाती मागच्या अंगणात राखल्या. ब्रिटनमध्ये १९७३ पासून आणि अमेरिकेत १९७७ पासून दुर्मीळ पाळीव जनावरांसाठी संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना आधाराला हेच कळप मिळाले. अमेरिकेतल्या लाइव्हस्टॉक कन्झर्वन्सीनं वारसा कोंबडीची व्याख्या केली आहे. जात विसाव्या शतकाच्या मध्याआधी प्रमाणपुस्तकात दाखल झालेली हवी. तिचं प्रजनन नैसर्गिक हवं. कोंबडी पाच ते सात वर्षं आणि कोंबडा तीन ते पाच वर्षं कामाचा राहायला हवा. आणि वाढ सावकाश हवी, म्हणजे विक्रीच्या वजनाला यायला सोळा आठवड्यांहून कमी काळ लागता कामा नये. या व्याख्येत पिसांच्या रंगाचा उल्लेखही नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुढं ते कामाला येईल.

जात राखणं म्हणजे दोन पक्षी एका खुराड्यात सोडणं नव्हे. निवड थांबली की जात घसरते. चार-पाच पिढ्यांत वजन उतरतं, पाठीची ठेवण बिघडते, नको ते रंग वर येतात. म्हणून जाणकार दर मोसमात गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिल्लं काढतात आणि त्यांतली मोजकी ठेवतात. पिल्लू अंड्यातून निघालं की पायाच्या बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून खूण करतात. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, त्यामुळे सोळा वेगवेगळ्या खुणा होतात आणि कुठलं पिल्लू कुठल्या आईबापांचं हे आयुष्यभर ओळखता येतं. मग टप्प्याटप्प्यानं निवड. पहिल्या चाळणीत वाकडी बोटं, वाकडी चोच, अशक्तपणा. दुसरीत हाडांची ठेवण आणि वाढ. रंग अगदी शेवटी. आधी घर बांधा, मग रंग लावा, असं अमेरिकेतले जुने पाळणारे नवख्यांना सांगतात. रंगासाठी अंगाची चूक पोटात घातली, तर ती पुढं निस्तरायला रंग सुधारण्याच्या कितीतरी पट वर्षं जातात. बाजूला काढलेले पक्षी कुठं जातात, हेही आडपडदा न ठेवता सांगायला हवं: ते पातेल्यात जातात. ज्याला हे जमणार नाही त्यानं कोंबड्या हौसेनं जरूर पाळाव्यात, जात राखण्याच्या भानगडीत पडू नये.

पिसावरची नक्षी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पट्टेदार प्लिमथ रॉकचं एक पीस हातात घ्या. गडद आणि फिकट पट्टे आळीपाळीनं, सरळ आडवे, सारख्या रुंदीचे, आणि टोकाला गडद पट्टा, असं प्रमाण सांगतं. पीस वाढत असताना रंग भरणं ठरावीक अंतरानं बंद-चालू होतं, त्यातून हे पट्टे उमटतात. पिसं सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यात पट्टे रेखीव येतात, भराभर पिसं भरणाऱ्यात ते फिसकटतात. त्यातही एक मेख आहे. पट्ट्याचं जनुक लिंगसूत्रावर असतं. कोंबड्यात त्याच्या दोन प्रती असू शकतात, कोंबडीत एकच. त्यामुळे सख्ख्या भावंडांतसुद्धा कोंबडा फिका आणि कोंबडी गडद दिसते. प्रदर्शनात मात्र दोघं एकाच छटेचे दिसायला हवे असत. मग अट्टल पाळणाऱ्यांनी एकाच जातीचे दोन वेगळे कळप ठेवले, एक बक्षिसाचे कोंबडे काढण्यासाठी आणि दुसरा बक्षिसाच्या कोंबड्या काढण्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी याचं कारण उलगडलं, त्याच्या कितीतरी आधी या माणसांनी नुसत्या नजरेनं त्यावर तोड काढली होती. खुद्द मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं, तेही कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून.

दुर्मीळ जातीत पक्षी मुळातच थोडे, त्यामुळे नात्यातलं प्रजनन टळत नाही. ते नीट आखून करता येतं. मॅसॅच्युसेट्सच्या आय. के. फेल्च यांनी एका जोडीपासून दोन शाखा काढून त्या वर्षानुवर्षं कशा जुळवायच्या याचा तक्ता तयार केला. तो आजही वापरात आहे आणि या पुस्तकात त्याला वेगळं प्रकरण दिलं आहे. मात्र त्याहून जुना इशाराही सोबत वाचावा. सर जॉन सेब्राइट यांनी १८०९ मध्ये जनावरांच्या पैदाशीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. डार्विननं ती वाचली होती. सतत जवळच्या नात्यात प्रजनन केलं की वंश कमजोर होतो, असं सेब्राइटनी तीत स्वानुभवानं बजावलं होतं. गंमत अशी, की त्यांच्याच नावाची चिमुकली सेब्राइट कोंबडी, जिच्या प्रत्येक पिसाला काळी किनार असते आणि जिचा कोंबडाही कोंबडीसारखाच पिसारा बाळगतो, तिच्या कोंबड्यांत वांझपणाची तक्रार आजही ऐकू येते.

माझं मुख्य म्हणणं इथंच आहे. प्रमाणानं जाती वाचवल्या आणि प्रमाणानंच काही जाती पोखरल्या. पांढऱ्या चेहऱ्याच्या काळ्या स्पॅनिश कोंबडीचं उदाहरण घ्या. मोठी पांढरी अंडी देणारी ही जात व्हिक्टोरियन काळात प्रदर्शनांची शान होती. चेहऱ्याची पांढरी कातडी जितकी मोठी, तितकं बक्षीस पक्कं. पाळणाऱ्यांनी तेवढंच एक लक्षण पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं. चेहरा वाढला आणि काटकपणा गेला. जात नाजूक झाली, पिल्लं जगेनात, शेतकऱ्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. वायनडॉट जातीत वेगळंच घडतं. तिथं चपटा, गुलाबाच्या आकाराचा तुरा हवा असतो आणि एकेरी तुऱ्याचं पिल्लू दोषी ठरतं. पण या गुलाबाकार तुऱ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती ज्या कोंबड्यात असतात, त्याची फलनक्षमता कमी असते. म्हणजे एकेरी तुऱ्याची पिल्लं घरातून पार हद्दपार करणारा माणूस प्रमाणाच्या जितका जवळ जातो, तितकी त्याची अंडी पोकळ निघू लागतात. शहाणे पाळणारे म्हणूनच एखादी एकेरी तुऱ्याची कोंबडी मुद्दाम ठेवतात. ती पिंजऱ्यात कधी जाणार नाही, पण तिच्याशिवाय पिंजऱ्यात जायला पुढच्या वर्षी कोणी उरणार नाही. दोष परीक्षकाचा नाही. एका मिनिटात हातातल्या पक्ष्याची अंडी मोजता येत नाहीत, तो खुडूक बसतो का हे कळत नाही, त्याचा बाप किती वर्षं जगला हेही कळत नाही. ती नोंद पाळणाऱ्याच्या वहीतच असायला हवी.

आपल्याकडे याचा उपयोग काय, हे विचारण्याचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भारतातल्या कोंबड्यांच्या जातींची नोंद केली आहे. असील त्यात आहे, कडकनाथ आहे, आणि गुजरातसोबत महाराष्ट्राचंही नाव लागलेली बुसरा आहे. बुसरा ही नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरची, आटोपशीर अंगाची, चपळ कोंबडी. तिच्या मुलखातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूचा उद्रेक झाला. पोल्ट्री फार्मांवरच्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. फार्मवाल्याला नवी पिल्लं हॅचरीतून मिळतात. बुसराची हॅचरी म्हणजे पाड्यावरची खुडूक कोंबडी. ती गेली की मागणी कुठं नोंदवणार? कडकनाथचं दुखणं वेगळं. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढला आणि काळी दिसेल ती कोंबडी कडकनाथ म्हणून खपू लागली.

सरकारी नोंदीत जातीचं आज आढळतं ते वर्णन असतं. पाळणाऱ्याला दरसाल कशाकडे जायचं आहे, ते प्रमाण सांगतं. आपल्याकडे पहिलं आहे, दुसरं बनायचं आहे. तमिळनाडूत पोपटासारख्या चोचीच्या, लांब शेपटीच्या असीलांची प्रदर्शनं भरतात आणि त्यांना मोठी किंमतही मिळते. झुंजीला कायद्यानं बंदी असलेल्या देशात असीलला जगायला हा एक मानाचा रस्ता आहे. पण आपण प्रमाण लिहायला बसू, तेव्हा स्पॅनिश कोंबडीची गत डोळ्यांपुढे ठेवूनच लिहावं. बुसराच्या प्रमाणात पिसाच्या रंगाला थोडे गुण असावेत. घारीची सावली पडताच पिल्लं पंखाखाली घेणाऱ्या, स्वतः रवणावर बसणाऱ्या, उकिरड्यावर पोट भरणाऱ्या कोंबडीला जास्त असावेत. हे गुण पिंजऱ्यात दिसत नाहीत, म्हणून परीक्षण पाड्यावर जाऊन करावं लागेल. तसं का करू नये?

या पुस्तकाच्या पहिल्या भागात जातींचा इतिहास आहे, दुसऱ्यात प्रजननाची पद्धत, तिसऱ्यात प्रदर्शनाची तयारी आणि चौथ्यात रोगराई. चौथा भाग कंटाळवाणा वाटला तरी आधी वाचावा. मानमोडीची लस चुकवलेल्या कळपात जनुकांचं कौतुक करायला कोणी उरत नाही, आणि प्रदर्शनातून परतलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा न ठेवता थेट खुराड्यात सोडणं म्हणजे वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडणं.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक वाचून परदेशी जातींची अंडी मागवायच्या आधी आपल्या तालुक्यात काय उरलं आहे ते पाहा. एखाद्या आजीकडे तीन पिढ्या बाहेरचं रक्त न मिसळलेल्या कोंबड्या असतील, तर तिच्याकडून रास्त मोल देऊन एक कोंबडा आणि चार तलंगा घ्या. एक कळप दोन-तीन ओळखीच्या घरांत वाटून ठेवा, म्हणजे एका घरी रोग आला तरी जात बुडणार नाही. आणि पहिलं पिल्लू निघेल त्या दिवसापासून वही घाला: तारीख, आईबाप, वजन, अंडी, कोण खुडूक बसली, कोण किती वर्षं जगलं. प्रमाण लिहिणारे पुढं येतील तेव्हा ते हीच वही मागतील.